हजेरीपटावरचे उत्खनन: मंदीच्या काळातील रोजगार कामे आणि आग्नेय अमेरिकेचा प्राचीन इतिहास

गोदातीर (धागाकर्ता)

नमस्कार. आपल्याकडे दुष्काळी काम म्हटले की खडीचे ढीग, नालाबंडिंग आणि पाझर तलाव डोळ्यांपुढे येतात. हाताला काम आणि पोटाला अन्न द्यायचे, त्यातून रस्ता किंवा तलाव उभा राहिला तर उत्तम, असा या कामांमागचा सरळ हिशेब असतो. याच हिशेबातून एका देशात इतिहासपूर्व काळाची उत्खनने झाली. एका अख्ख्या प्रदेशाच्या प्राचीन इतिहासाची मांडणी मजुरांच्या हजेरीपटावर उभी राहिली, हे मला काही वर्षांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते. अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतील उत्खननांचे जुने अहवाल वाचू लागल्यापासून हा विषय मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

१९२९ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यानंतर आलेल्या महामंदीत, १९३३ पर्यंत अमेरिकेतील साधारण दर चार कामकऱ्यांपैकी एक बेकार झाला होता. त्या वर्षी मार्चमध्ये रूझवेल्ट अध्यक्ष झाले आणि एकामागून एक मदतकार्याच्या यंत्रणा उभ्या राहिल्या. संघीय मदतनिधीतून पहिले उत्खनन झाले ते १९३३ मध्येच, लुइझियाना राज्यातील मार्क्सव्हिल येथे. राष्ट्रीय संग्रहालयातील फ्रँक सेट्झलर यांच्या देखरेखीखाली शंभरावर बेकार माणसांना प्राचीन मातीच्या टेकाडांवर कामाला लावण्यात आले. जेम्स फोर्ड हा तरुण त्यांचा साहाय्यक होता, आणि त्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. अप्रशिक्षित माणसांची मोठी टोळी योग्य देखरेखीखाली शास्त्रीय उत्खनन करू शकते, हे मार्क्सव्हिलने दाखवून दिले.

त्याच नोव्हेंबरमध्ये हॅरी हॉपकिन्स यांच्या नेतृत्वाखाली नागरी बांधकाम प्रशासन सुरू झाले आणि जानेवारी १९३४ पर्यंत चाळीस लाखांहून अधिक माणसे त्याच्या पगारपत्रकावर आली. इतक्या माणसांना द्यायला काम कोठून आणायचे, हा मोठाच प्रश्न होता. जे काम लगेच सुरू होईल, ज्याला यंत्रसामग्री कमी आणि माणसे जास्त लागतील आणि ज्याची कोणत्याही खाजगी धंद्याशी स्पर्धा होणार नाही, असे काम हवे होते. उत्खनन या तिन्ही कसोट्यांना उतरले. स्मिथसोनियन संस्थेने त्या हिवाळ्यात फ्लोरिडा, जॉर्जिया, टेनेसी, उत्तर कॅरोलायना आणि कॅलिफोर्निया या राज्यांत उत्खनने हाती घेतली. या यादीत कडाक्याच्या थंडीचे एकही राज्य नाही. मिशिगनमध्ये किंवा न्यूयॉर्कमध्ये जानेवारीत जमीन गोठलेली असते आणि तिथे कुदळ चालत नाही. पैसा हिवाळ्यातच खर्च करायचा होता, म्हणून तो दक्षिणेकडे वळला. बेकारी तिथे तीव्र होती, मातीची प्रचंड टेकाडे होती आणि त्यांवर शास्त्रीय काम फारसे झालेले नव्हते.

आता या गोष्टीचा दुसरा पदर. मे १९३३ मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झाले. पूर रोखणे, वीज निर्माण करणे आणि दरिद्री खोऱ्याला वर काढणे ही त्याची उद्दिष्टे होती. पहिले मोठे धरण क्लिंच नदीवर, नॉरिस येथे होणार होते. धरणाचे पाणी चढण्यापूर्वी खोऱ्यातील प्राचीन वसाहतींची नोंद व्हावी म्हणून जानेवारी १९३४ मध्ये काम सुरू झाले. प्रमुख होते केंटकी विद्यापीठातील विल्यम वेब, जे पेशाने भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. फंकहाउझर या प्राणिशास्त्रज्ञ सहकाऱ्यासह त्यांनी १९२७ मध्ये त्या विद्यापीठात मानवशास्त्र व पुरातत्त्व विभाग सुरू केला होता, तोही पुराणवस्तूंच्या ओढीमुळे. त्या काळी अमेरिकेत प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञच इतके थोडे होते, की हजारो मजुरांवर देखरेख करण्यासाठी माणसे मिळेनात. नॉरिसनंतर अलाबामातील व्हीलर, पिकविक आणि गंटर्सव्हिल या जलाशयांची खोरी आली. १९३५ पासून १९४३ पर्यंत चाललेल्या वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने, म्हणजे डब्ल्यूपीएने, याच कामाला मोठे बळ दिले. त्या यंत्रणेने एकूण सुमारे ८५ लाख माणसांना काम दिले आणि त्यांतील काही हजारांच्या हातात उत्खननाची खुरपी आली.

एका नियमाकडे सर्वांचे लक्ष वेधावेसे वाटते. या योजनांतला पैसा मुख्यतः मजुरीवर खर्च व्हायचा होता. अवजारे, वाहने, देखरेख, प्रयोगशाळेची जागा यांचा भार स्थानिक प्रायोजकाने, म्हणजे बहुधा विद्यापीठाने किंवा संग्रहालयाने, उचलायचा असे. परिणामी मोजक्या जागी बारकाईने खणण्यापेक्षा टेकाडेच्या टेकाडे, वस्त्याच्या वस्त्या उघड्या करणे हेच व्यवहार्य ठरले. खणणे स्वस्त आणि विचार करणे महाग, अशी ती रचना होती. त्या प्रदेशाच्या पुरातत्त्वाचे सामर्थ्य आणि त्याचे दुखणे, दोन्ही या एका नियमातून निघाले असे माझे मत आहे.

खापरखुणा

लेख अतिशय आवडला. एक शंका विचारतो. मी विद्यार्थिदशेत एका ताम्रपाषाणयुगीन पांढरीवरच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरच्या, उत्खननात एक हंगाम काढला आहे. थर बदलल्याचे मातीच्या रंगावरून आणि खुरपीला लागणाऱ्या कठीणपणावरून समजते, आणि ते समजायला मला सहा आठवडे लागले. काल कोळशाच्या खाणीत किंवा कापसाच्या शेतात काम करणाऱ्या शंभर माणसांना आज टेकाडावर आणून उभे केले, तर थरांची सरमिसळ झाल्यावाचून कशी राहिली असेल? या उत्खननांचे निष्कर्ष आज कितपत विश्वसनीय मानले जातात?

गोदातीर

खापरखुणा, आपली शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर सर्व ठिकाणी सारखे नाही.

जिथे व्यवस्था चांगली बसली तिथे कामाची उतरंड ठरलेली होती. साधे मजूर वरची माती काढत. त्यांच्यातील ज्यांचा हात हलका आणि नजर तीक्ष्ण, त्यांना निवडून सांगाडे, चुली आणि घरांच्या खुणा उघडण्याच्या कामावर घेतले जाई, आणि त्यांच्यावर मुकादम व पर्यवेक्षक असत. आपण म्हणता तशी शिकायला सहा आठवडे लागतात, पण इथे तीच माणसे दोन दोन वर्षे एकाच खोऱ्यात काम करीत होती. कुजून गेलेल्या लाकडी खांबाच्या जागी मातीत उरणारा काळपट गोल डाग अशा मजुराला नुकत्याच आलेल्या पदवीधरापेक्षा लवकर दिसत असावा, असे मी खात्रीने मानतो. असे शेकडो डाग एकाच सपाटीवर उघडून नकाशावर उतरवले, तेव्हा चौकोनी घरे, गोल घरे, गावाभोवतीचे लाकडी कूस आणि एकाच जागी पुन:पुन्हा बांधलेली सभागृहे प्रथमच नीट दिसली. लहान खड्डे घेणाऱ्याला हे दिसले नसते.

शिवाय माणसे इतकी आणि जागा इतक्या, की नोंदीची एकसारखी पद्धत बसवणे भाग पडले. दफनासाठी वेगळा छापील तक्ता, चुलीसाठी वेगळा, घरासाठी वेगळा, चौरसांची आखणी, छायाचित्रांची क्रमवारी, हे सारे त्या काळात रुळले. टेनेसी विद्यापीठात टॉमस लुइस आणि मॅडलिन नीबर्ग यांनी चिकामॉगा खोऱ्यातील कामासाठी नॉक्सव्हिल येथे प्रयोगशाळा उभी केली. नीबर्ग शिकागो विद्यापीठात शारीरिक मानवशास्त्र शिकल्या होत्या. त्यांच्या हाताखाली रोजगार योजनेवरचे कामगार खापरे धूत, त्यांवर क्रमांक घालत, वर्गवारी करीत आणि फुटकी भांडी जुळवीत. पुरातत्त्वात स्त्रीला मोठी जबाबदारी मिळणे दुर्मीळ होते, त्या काळातील ही गोष्ट आहे.

दोष सांगायचा तर माती बहुधा चाळली जात नसे. त्यामुळे माशांचे काटे, बिया, लहान मणी आणि दगडाच्या बारीक कपच्या ढिगाऱ्यात गेल्या. त्या लोकांनी काय खाल्ले, हा प्रश्न त्या संग्रहांना विचारला की उत्तर अर्धेच मिळते.

खापरांबद्दल लिहिल्याशिवाय मला थांबवत नाही, आणि आपल्या सदस्यनामामुळे आपल्यालाही ते आवडेल. प्रत्येक राज्यात लाखो खापरे गोळा होऊ लागली आणि प्रत्येक जण त्यांना आपापली नावे देऊ लागला, तेव्हा अलाबामातील तज्ज्ञाला जॉर्जियातील अहवाल कळेना. मार्क्सव्हिलचा तो तरुण साहाय्यक जेम्स फोर्ड आणि मिशिगनचे जेम्स ग्रिफिन यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये आग्नेय पुरातत्त्व परिषद सुरू झाली. सुरुवातीच्या बैठकांत लोक खापरांचे नमुने समोर ठेवून नावांवर वाद घालीत. आधी स्थळाचे नाव आणि मग नक्षीचे वर्णन, ही पद्धत ठरली. ‘स्विफ्ट क्रीक’ या नावापुढे लाकडी ठोकळ्याने उठवलेल्या गुंतागुंतीच्या नक्षीचा उल्लेख येतो, तो या ठरावानुसारच. ती परिषद आजही भरते. फोर्ड आणि गॉर्डन विली यांनी १९४१ मध्ये पूर्व अमेरिकेच्या प्राचीन इतिहासाचा एकत्रित आराखडा मांडला, तो मदतकार्यांतून आलेल्या सामग्रीशिवाय शक्यच नव्हता. त्यांची कालगणना फार आखूड होती. १९४९ नंतर अवशेषांचे वय ठरवणारे कार्बन-१४ चे मापन आल्यावर ती कित्येक ठिकाणी हजारो वर्षांनी ताणावी लागली, पण टप्प्यांचा क्रम बऱ्याच अंशी टिकला.

पीचट्री रस्ता

मी सतरा वर्षे अटलांटात राहते. इथून दीड तासावर मेकन हे गाव आहे आणि त्याला लागून ओकमल्गीची टेकाडे आहेत. डिसेंबर १९३३ मध्ये आर्थर केली यांच्या देखरेखीखाली तिथे काम सुरू झाले आणि पुढील वर्षांत आठशेहून अधिक माणसे त्या पठारावर राबली. अमेरिकेतील आजवरच्या सर्वांत मोठ्या उत्खननांमध्ये त्याची गणना होते. पुढे नावारूपाला आलेले गॉर्डन विली यांनीही तिथे उमेदवारी केली.

तिथे मातीचे एक गोल सभागृह आहे. वरचे छत आणि भिंती १९३० च्या दशकात पुन्हा उभारलेल्या आहेत, पण आतील जमीन मूळची आहे आणि ती सुमारे एक हजार वर्षांपूर्वीची आहे. अरुंद, ठेंगण्या बोळातून जवळजवळ वाकून आत जावे लागते. आत डोळे अंधाराला सरावले की भिंतीलगत मातीत घडवलेल्या बैठका दिसतात. प्रत्येक बैठकीपुढे बोटभर खोलीचा एक वाडगा मातीतच कोरलेला आहे. भिंतीलगत अशा ४७ बैठका आणि प्रवेशद्वारासमोर पक्ष्याच्या आकाराच्या ओट्यावर आणखी तीन, अशा एकूण ५० आहेत. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा काचेपाशी बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “अगं, ही तर गावची चावडी.” ज्या मजुराने या बैठकांवरची माती पहिल्यांदा काढली असेल, त्याने त्या भाजक्या चिकणमातीची कड खुरपीच्या टोकाने ओळखली आणि हात आवरला, म्हणून आज ती जमीन शिल्लक आहे.

दुसरी नोंद सवाना शहराजवळच्या आयरीन टेकाडाची. तिथे १९३७ ते १९४० या काळात डब्ल्यूपीएच्या निधीतून उत्खनन झाले आणि खणणाऱ्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. जॉर्जियातील वर्णभेदाच्या त्या काळात त्यांना घरकाम किंवा शेतमजुरीखेरीज काही मिळत नसे. छायाचित्रांत त्या लांब झगे आणि टोप्या घालून, हातात फावडी घेऊन, अत्यंत नीटस कापलेल्या चरांमध्ये उभ्या दिसतात. कॉल्डवेल आणि मॅककॅन यांचा १९४१ चा अहवाल आजही या प्रदेशासाठी आधारभूत आहे. टेकाड आता राहिलेले नाही, त्यामुळे त्या स्त्रियांनी जे खणले आणि इतरांनी जे लिहिले तेवढेच आपल्याकडे आहे. छायाचित्रे पाहताना या बायकांची नावे काय होती, घरी कोण होते, हा प्रश्न मला दर वेळी छळतो.

अस्थिरेखा

मी दंतवैद्यक शिकवते आणि प्राचीन दातांचा अभ्यास हा माझा छंद आहे, म्हणून केंटकीतील इंडियन नोलबद्दल लिहिते. ग्रीन नदीच्या काठी नदीतील शिंपल्यांचा प्रचंड ढीग साचलेला आहे, ज्यावर हजारो वर्षांपूर्वी शिकार करणाऱ्या आणि कंदमुळे व शिंपले गोळा करणाऱ्या लोकांनी वस्ती केली आणि आपले मृत पुरले. १९१५ मध्ये क्लॅरेन्स मूर यांनी तिथे २९८ दफने नोंदवली होती. १९३९ ते १९४१ मध्ये वेब यांच्या रोजगार योजनेवरील टोळ्यांनी आणखी ८८० उघडली. त्यांत कुत्र्यांचीही दफने होती, माणसांच्या शेजारी काळजीपूर्वक ठेवलेली.

एकच उदाहरण देते. संग्रहालयांत मधोमध छिद्र असलेले, अतिशय गुळगुळीत केलेले दगड वर्षानुवर्षे पडून होते. ते मिरवण्याचे चिन्ह असावे असे समजून त्यांना निशाणाचा दगड म्हणत. इंडियन नोलच्या दफनांत हे दगड सांबरशिंगाच्या आकड्याच्या आणि मुठीच्या सरळ रेषेत सापडू लागले. मधली लाकडी काठी कुजून गेली होती, पण दगड, शिंग आणि मूठ आपापल्या जागी होती. एका दफनात असे आढळले असते तर योगायोग म्हणून सोडून दिले असते. पुन:पुन्हा आढळले, तेव्हा भाला जोराने फेकण्याच्या काठीवरचे ते वजन असल्याचे वेब यांनी मांडले. शेकडो दफने जागच्या जागी, मोजमापासह उघडण्याइतके मनुष्यबळ असल्यामुळेच हा निष्कर्ष हाती आला.

नंतरच्या अभ्यासकांनी याच सांगाड्यांची तुलना केंटकीतील हार्डिन गावच्या मका पिकवणाऱ्या लोकांशी केली, तेव्हा शेतकऱ्यांचे दात अधिक किडलेले आढळले. शेती आली म्हणजे आरोग्य सुधारले, या समजाला धक्का देणाऱ्या सुरुवातीच्या पुराव्यांपैकी हा एक आहे. डेक्कन कॉलेजच्या इनामगाव उत्खननातील दातांवर झालेले काम वाचताना मी नेहमी ग्रीन नदीच्या या आकड्यांशी मनात पडताळा घेते.

सह्यकडा

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण ८८० दफने हा आकडा वाचून मी थांबलो. ही कोणाची माणसे होती आणि त्यांना उकरण्याची परवानगी कोणी दिली? १८३० च्या स्थलांतर कायद्यानंतर मस्कोगी, चेरोकी, चिकासॉ, चॉक्टॉ या लोकांना याच प्रदेशांतून बळजबरीने मिसिसिपीपलीकडे हाकलण्यात आले होते. त्यानंतर शंभर वर्षांनी, त्यांच्या अनुपस्थितीत, त्यांच्या पूर्वजांच्या कबरी सरकारी पैशाने उघडल्या गेल्या आणि हाडे खोक्यांत घालून विद्यापीठांत ठेवली गेली. एका बेकार माणसाला मजुरी मिळाली आणि दुसऱ्या समाजाचे पूर्वज गेले. या बाजूचा उल्लेख मूळ लेखात नसणे मला खटकले.

गोदातीर

सह्यकडा, आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे आणि उल्लेख राहिला ही माझी चूक आहे. त्या वेळच्या अहवालांत या लोकांच्या वंशजांशी सल्लामसलत केल्याची कल्पनाच दिसत नाही. १९९० मध्ये मूलनिवासींच्या कबरींचे संरक्षण व प्रत्यावर्तन यासाठी कायदा झाल्यावर संस्थांना आपापल्या संग्रहांची यादी करून अवशेष परत करण्याची प्रक्रिया सुरू करावी लागली. अलाबामातील माउंडव्हिल येथील संग्रहालयाची इमारत नागरी संवर्धन दल या मंदीतल्याच रोजगार योजनेतील तरुणांनी उभारली आणि १९३९ मध्ये ती खुली झाली. तिथून निघालेल्या मानवी अवशेषांवरचा मस्कोगी भाषक राष्ट्रांचा हक्क २०२१ मध्ये, म्हणजे ऐंशी वर्षांनी, संघीय पुनर्विलोकन समितीने मान्य केला. मेकनमध्ये मात्र आज मस्कोगी राष्ट्राचे लोक ओकमल्गीच्या भवितव्याच्या चर्चेत सहभागी आहेत. १९३३ मध्ये हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

याच मंदीची दुसरी बाजू ओक्लाहोमातील स्पायरो येथे दिसते. तिथले क्रेग टेकाड १९३३ मध्ये काही माणसांनी भाडेपट्ट्याने घेतले, पोकोला मायनिंग कंपनी असे नाव धारण केले आणि खाणीसारखे बोगदे घालून आतील कोरीव शंख, चिलमी, मोती, विणलेली वस्त्रे काढून बाजारात विकली. लाकूड आणि कापड बरेचसे वाटेतच तुडवले गेले. १९३५ मध्ये राज्याने पुरावस्तूंचा कायदा करून त्यांना थांबवले आणि १९३६ पासून ओक्लाहोमा विद्यापीठाने डब्ल्यूपीएच्या मजुरांकडून उरलेल्याचे शास्त्रीय उत्खनन करून घेतले. दोन्ही वेळा खणणारे गरजू होते, फरक पडला तो दफ्तर ठेवणाऱ्यामुळे. ही लूट रोखली नसती आणि धरणांच्या खोऱ्यांत कोणी गेलेच नसते, तर काय उरले असते याचाही विचार मनात येतो. त्याने कबरींचा प्रश्न सुटत नाही, हे मी जाणतो.

आता त्या दुखण्याबद्दल, जे मी पहिल्या लेखात सूचित केले होते. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर झाले आणि काही महिन्यांतच ही सारी कामे बंद पडली. मजूर कारखान्यांत व सैन्यात गेले, पर्यवेक्षकही गेले. खोकी, तक्ते आणि छायाचित्रे तळघरांत राहिली. लुइस आणि नीबर्ग यांनी चिकामॉगा खोऱ्यातील हिवासी बेटाचा अहवाल १९४६ मध्ये पूर्ण केला, पण त्या संपूर्ण खोऱ्याचा अहवाल १९९५ मध्ये, लिन सलिव्हन यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. मधली पन्नासहून अधिक वर्षे ते खोरे जलाशयाखाली होते आणि त्याचा इतिहास हस्तलिखितात. लिहिण्यासाठी मजुरीच्या तोडीचा पैसा कोणत्याच योजनेत नव्हता.

तरीही एक वारसा टिकला. पाणी चढण्यापूर्वी खणले पाहिजे आणि ती सरकारची जबाबदारी आहे, हे तत्त्व टेनेसी खोऱ्यात रुजले. युद्धानंतर मिसूरी आणि इतर नद्यांवर धरणांची मालिका सुरू झाली, तेव्हा स्मिथसोनियन आणि राष्ट्रीय उद्यान सेवा यांनी नदीखोरे सर्वेक्षण हाती घेतले. त्याचे नेतृत्व फ्रँक रॉबर्ट्स यांनी केले, आणि १९३३-३४ च्या हिवाळ्यात टेनेसीतील शायलो येथील टेकाडांवर मजुरांकडून काम करून घेणारे तेच होते. पुढे १९६० चा जलाशय कायदा, १९६६ चा राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा कायदा आणि १९७४ ची दुरुस्ती, अशी ही वाट आजच्या पद्धतीपर्यंत येते.

नदीकाठ

टेनेसी खोऱ्याचा आपल्याकडे थेट संबंध आहे, म्हणून नोंदवतो. १९४८ मध्ये स्थापन झालेले दामोदर खोरे महामंडळ टेनेसी प्राधिकरणाच्या नमुन्यावर उभे राहिले आणि त्याची प्राथमिक योजना त्या प्राधिकरणातून आलेल्या अभियंत्याने, वुर्डुइन यांनी, आखली होती. वीज, पूरनियंत्रण आणि सिंचन हा भाग आपण घेतला. बुडणाऱ्या जमिनीचे सक्तीने सर्वेक्षण करण्याची सवय मात्र त्याच वेगाने आली नाही.

कृष्णेवरील नागार्जुनकोंडा हा ठळक अपवाद. तिथे १९५४ ते १९६० अशी सहा वर्षे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने सुब्रह्मण्यम यांच्या देखरेखीखाली संपूर्ण खोऱ्याचे उत्खनन केले. अश्मयुगापासून इक्ष्वाकूंच्या राजधानीपर्यंतचे अवशेष नोंदवले गेले आणि काही वास्तू उचलून आज बेट झालेल्या टेकडीवर पुन्हा रचल्या. महाराष्ट्रातील किती खोऱ्यांना अशी सहा वर्षे मिळाली, याचा विचार व्हायला हवा.

कोरडवाहू

मी पुरातत्त्वाचा अभ्यासक नाही, शेतकरी आहे. हा धागा दोन वेळा वाचला आणि आमच्या घरातील एक गोष्ट सांगावीशी वाटली.

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी आणि आई नालाबंडिंगच्या कामावर होत्या. गावाच्या उत्तरेला ओढ्याकाठी पांढर आहे. तिथली माती चिकट आणि राखाडी, पूर्वापार धाब्यांवर घालायला लोक तीच नेत असत. बांधाच्या भरावासाठी त्या पांढरीची एक कड कापली गेली. आई सांगते, घमेल्यात मातीबरोबर खापरे येत, तांबूस आणि वर काळ्या रेघा ओढलेली. एकदा उपडे ठेवलेले अख्खे मडके लागले आणि ते फोडले तर आत बारीक हाडे होती. बायका घाबरल्या, कोणीतरी हळदकुंकू वाहिले आणि मुकादमाने ती माती बांधात टाकायला सांगितली, कारण संध्याकाळी मोजमाप व्हायचे होते आणि खड्ड्याच्या घनफुटावर मजुरी ठरणार होती. त्याचाही दोष नाही, त्याला कोणी वेगळे काही सांगितलेच नव्हते.

पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला, मग २००५ चा केंद्राचा कायदा आला. आमच्या तालुक्यात या पन्नास वर्षांत किती माती हलली याला गणती नाही. टेनेसीत आणि आमच्या ओढ्यावर माणसे तशीच होती, भूकही तशीच होती आणि घमेलीही तशीच. तिथे चरापाशी वही घेतलेले एक माणूस उभे होते.

आई आता एकोणऐंशी वर्षांची आहे. ते मडके नेमके कुठे निघाले ती जागा ती अजून दाखवू शकते.

खापरखुणा

कोरडवाहू, तांबूस अंगावर काळ्या रेघा आणि उपड्या मडक्यात लहान हाडे हे वर्णन वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगातील जोर्वे काळातले लोक लहान मुलांना मातीच्या कुंभांत पुरत असत. इनामगावला अशी दफने घरांच्या जमिनीखाली मोठ्या संख्येने मिळाली आहेत. पाहिल्याशिवाय खात्रीने काही म्हणता येणार नाही, परंतु ती जागा पाहायलाच हवी.

गोदातीर

कोरडवाहू, आपण अनुमती दिलीत तर मी आणि खापरखुणा येऊ. पहिले दोन मोठे पाऊस होऊन गेले की बांधाचा उतार धुतला जातो आणि खापरे आपोआप उघडी पडतात, तेव्हा जूनअखेरचा आठवडा योग्य राहील. तोवर कृपया काहीही उकरू नका आणि उचलू नका. जे दिसेल त्याचे शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्या, आणि बांधाच्या कोणत्या टोकापासून किती पावलांवर ते दिसले हे लिहून ठेवा. मातोश्रींना चालवत असेल तर एखाद्या सकाळी त्यांना बांधावर नेऊन त्या वेळी कामावर कोण कोण होते, माती कोणत्या बाजूने काढत आणली आणि मडके किती खोलीवर लागले, हे त्यांच्याच शब्दांत फोनवर ध्वनिमुद्रित करा. त्या दिवशी कामावर असलेल्या बायकांची नावे त्यांना आठवत असतील, तर ती सर्वांत आधी लिहून घ्या.